सत्कार जुलैत नको, मे महिन्यात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही उत्तर गोव्यातल्या एका छोट्या पालिकेत नगरसेविका आहात. बागायत शिकणाऱ्या मुलांनी दोन वर्षं राबून शहरातली बाग, बसस्टँडमागची पट्टी, तळीचा काठ आणि स्मशानाकडे जाणारा रस्ता हिरवा केला. आता पालिकेला त्यांचा सत्कार करायचा आहे. वनमहोत्सवाच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ आणि ट्रॉफी द्यायचं जवळजवळ ठरलंय. पण कुणाला द्यायची, कशावरून निवडायचं आणि मुलांच्या पदरात त्यातून काय पडणार, हे तुम्हाला विचारायचंय.

माझी ३२ वर्षं रोपं, माळी आणि विद्यार्थी यांच्यात गेली. आधी रोपवाटिकेत, मग शिकवण्यात, आणि निवृत्तीनंतर दोन-तीन पालिकांच्या बागा बघण्यात. तेव्हा पहिली गोष्ट सांगतो, ती शाल-श्रीफळाची नाही, तारखेची. वनमहोत्सवात सत्कार करू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात करा.

वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला आणि तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठेवला, कारण पाऊस स्थिरावलेला असतो, लावलेलं रोप धरतं. लावायला आठवडा उत्तम. लावणाऱ्याची परीक्षा घ्यायला मात्र याच्याइतका निरुपयोगी आठवडा वर्षात दुसरा नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत पांगाऱ्याची काठी रोवली तरी पालवते, कुंपणं आपण तशीच तर करतो. या दिवसांत कुणाचंही रोप हिरवंच दिसणार. मग ऑक्टोबरात पाऊस जातो. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, चाळणीसारखी गळते. फेब्रुवारीत पानं मलूल, मार्चमध्ये शेंडा वाळलेला, आणि एप्रिलात त्या जागी नुसता ट्री-गार्ड, आत चिप्सची पाकिटं. कोण राबलं आणि कोण फोटोपुरतं आलं, ते मे महिनाच सांगतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, चूक करून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका सोहळ्याला मी परीक्षक होतो. गावाचं नाव सांगत नाही. दोन गट होते. एकाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीनशेच्या आसपास रोपं लावली होती, सरळ रांगेत, प्रत्येकाला चुना मारलेली काठी आणि पाहुण्याच्या नावाची पाटी. दुसऱ्याने शाळेमागच्या उतारावर जेमतेम चाळीस. आम्ही बक्षीस पहिल्याला दिलं. पुढच्या मे महिन्यात दुसऱ्याच कामासाठी त्या रस्त्याने गेलो, तर काठ्या उभ्या, पाट्या उभ्या, रोपं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गाडी वळवून शाळेमागे गेलो. तिथली चार-पाच सोडली तर सगळी जिवंत होती. आळ्यात पातेरा, म्हणजे वाळलेला पाला, पसरलेला, बुंध्याभोवती नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, पालथी नव्हे तर उताणी पुरलेली, म्हणजे वाटीसारखी पाणी धरतात. ते कुणी शिकवलं त्यांना, कोण जाणे. निकालाच्या कागदावर सही माझी होती, आणि बक्षीस काही परत घेता येत नाही.

एक गोष्ट आपल्याला चवथीच्या माटोळीवरून, म्हणजे गणपतीवर रानातली फळं-फुलं-वेली बांधून केलेल्या सजावटीवरून, कळायला हवी. कला आणि संस्कृती संचालनालय दर वर्षी माटोळी सजावटीची स्पर्धा घेतं. रानातली फळं, फुलं, वेली ओळखणं हे ज्ञान आहे आणि त्याला मान मिळायला हवा, ही कल्पना आपल्या मातीतलीच. कांगलां, घागऱ्यो, माट्टीची फळं, कवंडळ ही नावं आज वीस वर्षांच्या पोराच्या तोंडी ऐकू येतात, त्यात या स्पर्धेचा वाटा आहे. पण जिन्नस जितके जास्त तितकी वाहवा, असं एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की दहा घरची माणसं तीच वेल मुळासकट ओढतात. मोजाल ते वाढतं. तुम्ही लावलेली रोपं मोजलीत तर रोपं लावली जातील. जगलेली मोजलीत तर जगवली जातील. आणि ‘हे इथे लावू नका’ म्हणणाऱ्या मुलालाही गुण दिलेत तर काय होतं, ते आता सांगतो, कारण माझ्या मते खरा मान तिथे द्यायला हवा.

एका पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेने ठेकेदाराकडून बकुळीची ऐंशी रोपं मागवली. ट्रक आला, रोपं उतरली. पुरुषभर उंच, पानं तुकतुकीत, बघून सगळे खूश. आमच्याकडची एक विद्यार्थिनी होती, वाळपईकडची, घरी पिढ्यान्‌पिढ्यांचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. तिने एक पिशवी आडवी केली, ब्लेडने तळ कापला आणि माती बोटांनी झाडली. आत मुळं घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गोल गोल फिरलेली. छोट्या पिशवीत दोन-तीन वर्षं जास्त ठेवलेलं रोप. सोटमूळ तळाला आपटून वळलेलं, बाकीची मुळं त्याच्याभोवती फास घातल्यासारखी. तिने दुसरी पिशवी कापली, तिसरी कापली. मग म्हणाली, “सर, हे आज लावलं तर आज जगतं. पण हे झाड उभं राहत नाही. सात-आठ वर्षांनी एका वाऱ्याला पडतं, कुणाच्या गाडीवर.”

तिचं बरोबर होतं. कोवळं वेटोळं असेल तर मुळं उभी चिरून, मोकळी करून वाचवता येतात. अंगठ्याएवढी जाड झाली की नाही. त्या दिवशी ऐंशीपैकी वीसच लावण्याजोगी निघाली. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. ठेकेदार चिडला, कार्यक्रम ठरवणारे त्याहून चिडले, आणि एकजण माझ्यासमोर तिला म्हणाला, “तू शिकायला आलीस की शिकवायला?” साठ रोपं परत गेली. वर्षअखेरीला जो सत्कार झाला त्यात या मुलीचं नाव नव्हतं. अर्जात रकाना होता ‘लावलेल्या झाडांची संख्या’. न लावलेल्या साठ झाडांसाठी रकानाच नव्हता. मीही तेव्हा तो घालून घेतला नाही, ही माझी चूक.

तुमच्या मुलांनी दोन वर्षांत असले निर्णय नक्की घेतले असणार. त्यांना बसवून विचारा. कुठे लावायला नकार दिला? विजेच्या तारांखाली पाहुण्यांना रेन ट्री हवा होता तिथे काय सुचवलं? तळीच्या काठावर शोभेच्या गवताचा गालिचा नको, करंज आणि उंडी ठेवूया, असं कोण म्हणालं? गालिच्याला उन्हाळाभर रोज पाणी लागतं. करंज, उंडी ही किनाऱ्याकडची, पाण्याकाठची झाडं, दोन उन्हाळे सांभाळली की तुमच्याकडे काही मागत नाहीत. असा एक योग्य सल्ला पालिकेचे वर्षाचे टँकर वाचवतो, आणि ट्रॉफीसाठी जे शोधताय ते हेच.

आता निवड कशी करायची. परीक्षक, मुलाखती, भाषणं यांच्या भानगडीत पडू नका. एक वही घाला. जाड पुठ्ठ्याची, आखीव, पालिकेच्या शिक्क्याची. मोबाईलमधल्या ॲपवरही चालेल, पण ॲप करणारा मुलगा पास होऊन गेला की ॲपही जातं, हे मी दोनदा बघितलंय. वहीत प्रत्येक झाडाला एक ओळ: झाडाचं स्थानिक नाव, रोप कुठून आलं, खड्ड्याचं माप, लावल्याची तारीख, सांभाळणाऱ्याचं नाव. मग दर दोन महिन्यांनी बुंध्याची जाडी, नवी पालवी आली की नाही, कीड काय, काय केलं. मेलं तर तेही, कारणासकट. मेलेल्या झाडाचं कारण प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापू नका, उलट द्या. नाहीतर मेलेल्या रोपाच्या जागी रातोरात नवीन रोप येतं आणि वहीत ते जुन्याच नावाने जगत राहतं. हसू नका, हा प्रकार मी पकडलाय. ऑक्टोबरात गुडघ्याएवढी असलेली सुरंगी डिसेंबरात कमरेएवढी झाली होती. सुरंगी इतकी आळशी वाढते की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, लावावी आजोबांनी, तिच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, माळावेत नातीने. मी जवळ जाऊन बघितलं तर पान सुरंगीचंच, पण बुंधा वेगळा आणि माती ताजी.

गुणांचं वजन विचाराल तर मी शंभरातले पन्नास दुसरा उन्हाळा काढलेल्या झाडांना देईन, पंचवीस निदानाला आणि निर्णयाला, पंधरा वहीला. उरलेले दहा लोकांना जोडून घेण्याला, म्हणजे शेजारच्या दुकानदाराने रोज एक बादली ओतायची सवय लावून घेतली का, एवढंच. ‘पहिला उन्हाळा’ न म्हणता ‘दुसरा’ म्हणतोय, कारण पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालून कुणीही रोप ओढून नेतं. मुळं खाली गेली की नाही हे दुसऱ्या वर्षी पाणी कमी केल्यावर कळतं. तुमच्या मुलांची दोन वर्षं झालीत, म्हणजे हा निकष तुम्हाला याच मेमध्ये लावता येईल. वही नसेल तर मुलांसोबत दोन सकाळी फिरा आणि आजपासून मागे जाऊन लिहून काढा. मोबाईलमधल्या फोटोंवर तारखा असतातच.

वहीचा आग्रह धरतो म्हणून मुलं मला कारकून म्हणतात. मी त्यांना पणजीची पालिका बाग दाखवतो. तिला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला, इथल्या औषधी वनस्पतींबद्दल इथल्याच वैद्यांना, व्यापाऱ्यांना विचारत राहिला आणि १५६३ साली गोव्यातच ते छापून घेतलं. मेल्यावर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. तरी बागेला नाव त्याचंच आहे, कारण त्याने लिहून ठेवलं होतं. ज्यांनी त्याला पाला-मुळी ओळखून दिली, त्यांच्या नावाची बाग मी अजून बघितलेली नाही.

मान म्हणून काय द्यायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. ट्रॉफी द्या, नाही म्हणत नाही. आई ती शोकेसमध्ये ठेवते, तो आनंद खरा आहे. पण मुलाला नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडतो तो कागद. आणि कागद म्हणजे ‘सक्रिय सहभागाबद्दल प्रशंसापत्र’ नव्हे. तसली पत्रं रिसॉर्टचा लँडस्केप मॅनेजर वाचतही नाही. पालिकेच्या लेटरहेडवर मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने साधारण असं लिहा: ‘यांनी जूनपासून दोन वर्षांनंतरच्या मेपर्यंत बसस्टँडमागील पट्टीतील ३४ झाडांची जबाबदारी घेतली. त्यांपैकी ३१ झाडे दुसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत आहेत. पेव्हरखाली दबलेली ४ झाडे यांच्या सूचनेनुसार मोकळी केली. एकूण काम २४० तास.’ आकडे तुमच्या वहीतले घाला. हे चार ओळींचं पत्र हातात असलेल्या मुलाला बागेचं काम येतं की नाही, हे वेगळं विचारावं लागत नाही.

तासांचा आकडा मुद्दाम घालायला सांगतोय. एनएसएसला, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेला, वर्षाला १२० तास लागतात, दोन वर्षांचे २४०. झाडं जगवण्याचं काम त्यात धरता येतं, फक्त कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्याशी आधी बोला, नंतर नव्हे. कॉलेजच्या अभ्यासक्रमातल्या नव्या क्रेडिटच्या (श्रेयांकाच्या) चौकटीत साधारण ३० तासांना एक क्रेडिट बसतं. केपे तालुक्यात सुळकर्ण्याला २०१५ साली कृषी महाविद्यालय सुरू झालं, तिथली मुलं शेवटच्या वर्षाला ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण शेतीकामाच्या अनुभवासाठी, गावात जातात. पण तो अनुभव शेतकऱ्याच्या बांधावरचा. शहरातल्या झाडाचे हाल वेगळे: मुळांवर काँक्रीट, अंगावर खिळे, डोक्यावर तारा. हा अभ्यास शहरातच होतो आणि तो श्रेयांकाच्या लायकीचा आहे, एवढं पालिकेने कॉलेजला लेखी कळवलं तरी अर्धा सत्कार झाला. व्होकेशनलची मुलं असतील तर त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या वहीवर पालिकेचा शिक्का द्या. त्यांना डिग्रीवाल्यांच्या मागच्या रांगेत उभं करू नका. कलम बांधायला बहुधा तीच सरस असतात.

पैसे. यावर लोक कुजबुजतात, म्हणून मोकळेपणी बोलतो. मुलांना बसभाडं, दुपारचं जेवण, हातमोजे, गमबूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हे सत्कारात धरू नका. ते देणं पालिकेचं कर्तव्य आहे आणि ते पहिल्या दिवसापासून हवं. मुलींसाठी जवळ स्वच्छ शौचालय कुठे आहे हे काम वाटण्याआधी बघा. सत्कार म्हणून काही द्यायचंच तर चांगलं सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) आणि घडीची करवत द्या. भारीतलं सिकेटर विद्यार्थ्याला परवडत नाही आणि स्वस्तातलं फांदी कापत नाही, चिरडते.

त्याहून मोठा मान म्हणजे पुढचं काम. पालिका दर वर्षी बाहेरून रोपं विकत घेते ना? त्यातली शंभर-दोनशे रोपं या मुलांकडून घ्यायचं ठरवा. गावातल्याच चांगल्या बकुळीची, नागचाफ्याची, भिरंडीची (कोकमाची) बी धरून, योग्य मापाच्या पिशवीत, योग्य वयाची. दर ठेकेदाराला देता तोच. वेटोळी मुळं असलेलं रोप परत करायचा नियम त्यांनाही लावा. ज्या मुलाकडून पालिका रोप विकत घेते, त्याला आपण बागायतदार आहोत हे कुणी सांगावं लागत नाही. आणि बाग समितीच्या बैठकीला दोन विद्यार्थी निमंत्रित म्हणून बोलवा. मत नसलं तरी चालेल, पण त्यांचं म्हणणं इतिवृत्तात यायला हवं. ‘विद्यार्थी प्रतिनिधींनी सदर जागी गुलमोहर लावण्यास हरकत नोंदवली’, हे एक वाक्य इतिवृत्तात पहिल्यांदा आलं तेव्हा तो पोरगा त्या कागदाची झेरॉक्स काढून घेऊन गेला होता. ट्रॉफीची झेरॉक्स कुणी काढत नाही.

काँक्रीटचा उल्लेख वर आला, त्यावर थोडं थांबतो, कारण मुलांच्या कामातला सगळ्यात न दिसणारा भाग तोच असतो. सुशोभीकरणात आपण फुटपाथ थेट बुंध्याला नेऊन चिकटवतो. झाडाच्या बारीक, अन्न-पाणी ओढणाऱ्या मुळांना हवा लागते, ती वरच्या दीड-दोन फुटांत असतात. वर पेव्हर आला की ती कुजतात आणि झाड एकाच बाजूच्या मुळांवर उभं राहतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर पडलेली झाडं मी फिरून बघितली. ज्यांची मुळांची थाळी उपटून उताणी पडली होती त्यांतल्या कितीतरींच्या मुळांचा गोळा पेव्हरच्या चौकटीएवढाच होता, अगदी चौकोनी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तेवढंच माप धरून छिन्नी-हातोड्याने, मुळं न दुखावता, पेव्हर काढायला एका झाडाला दोन मुलांची पूर्ण सकाळ जाते. मग तिथे माती, शेणखत, वर पातेरा. बघणाऱ्याला वाटतं, पोरांनी फुटपाथ फोडून कचरा टाकला. एका दुकानदाराने तर फोन करून तक्रार केली होती. पुढच्या वर्षी त्याच झाडाची सावली दुकानावर दाट पडली तेव्हा तो काही बोलला नाही, पण मुलांना सोडा पाजायला लागला.

कायद्याचं भान मुलांना आणि सत्कार करणाऱ्यांनाही हवं. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. उत्साहाच्या भरात ‘धोकादायक झाड मुलांनी हटवलं’ असं बातमीत छापून आणू नका. ते बेकायदाही ठरेल आणि मुलांच्या नावावर बसेल. २०१६ साली माडाला झाडाच्या व्याख्येतून काढलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला परत आत घ्यावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. मोठ्या फांद्या, शिडी, तारांजवळचं काम यांत विद्यार्थ्यांना उतरवूच नका. ते अग्निशामक दलाचं आणि वीज खात्याचं काम.

आणखी एक माणूस विसरू नका. पालिकेचा माळी. दिवाळीच्या, परीक्षेच्या सुट्टीत मुलं घरी जातात तेव्हा पाणी कोण घालतं? आमच्याकडे एक रोजंदारीवरचा माणूस होता, पंपाचा वाल कुठे गळतो ते फक्त त्याला ठाऊक. मुलांच्या सत्काराला त्याने खुर्च्या मांडल्या आणि स्वतः मागे उभा राहिला. पुढच्या महिन्यापासून मुलांच्या झाडांचं पाणी हळूहळू आटलं. त्याला कुणी दोष दिला नाही, आणि देऊही नये. नंतर आम्ही वहीत सांभाळणाऱ्यांचे दोन रकाने केले, विद्यार्थी आणि माळी, आणि सत्कार जोडीने केला. मुलं त्याला ‘काका’ म्हणत आलीच होती, पण त्या दिवशी एकाने माइकवर सांगितलं की खतापेक्षा पाण्याची वेळ महत्त्वाची हे काकांनी शिकवलं. वाल पुन्हा कधी गळला नाही. विद्यार्थी आले म्हणून रोजंदारीची माणसं कमी करायचा विचार कुणाच्या मनात असेल तर मात्र हा सत्कार करूच नका. मुलं ते ओळखतात.

एकट्याला द्यावं की गटाला? झाडं गटाने जगतात, निर्णय एकटा घेतो. म्हणून पत्र प्रत्येकाला, त्याच्या झाडांच्या आकड्यांसह, आणि निर्णयासाठीचा विशेष मान एकालाच किंवा दोघांना. ‘सर्वोत्कृष्ट विद्यार्थी’ असं नाव देऊ नका. ज्या कामासाठी दिला ते लिहा. पाटी लावायची तर झाडाला खिळा मारून नको, तार गुंडाळून तर मुळीच नको. तार काढायची राहते, बुंधा वाढतो आणि तीच तार गळा आवळते. शेजारी एक चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, पुरा, त्यावर वर झाडाचं नाव, खाली सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याचं आणि माळ्याचं नाव, लावल्याचं वर्ष. आमदारांचं नाव त्यावर मावणार नाही इतकाच चिरा निवडा.

कार्यक्रम सभागृहात न घेता जागेवरच घ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात रविवारी सकाळी साडेसात, ऊन चढायच्या आत. पाहुण्यांना मुलांच्या मागून चालत फिरवा. प्रत्येक मुलगा आपल्या झाडापाशी तीन मिनिटं बोलेल: काय जगलं, काय मेलं, का. नगराध्यक्षांचं भाषण शेवटी, त्या झाडाखाली ज्याची सावली आता पडू लागली असेल. शाल या उकाड्यात कुणालाच नको, घोंगडीसारखी टोचते. अंगावर घालायचंच तर अबोलीची फाती (फुलांची माळ) द्या, मुलग्यांनाही. प्यायला भिरंडीचं सरबत.

निमंत्रणपत्रिका आणि प्रशंसापत्रं छापायला देण्याआधी प्रत्येक मुलाचं नाव त्याच्या दहावीच्या मार्कशीटशी ताडून घ्या, देवनागरीत आणि रोमीतही. आपल्याकडे एकाच घरात नाईक आणि नायक, गावकर आणि गांवकर असतात. एका अक्षराच्या फरकाने एका मुलाचं पत्र नोकरीच्या अर्जाला जोडता आलं नव्हतं, आणि तोवर सही करणारे मुख्याधिकारी बदलून गेले होते.